आठ सिलिंडर आणि एक भाचा

मिशिगनमधल्या मराठी घरात मुलाची पहिली गाडी कोणती असावी याबद्दल मतभेद नसतात. ती कोरोला असते. अगदीच नाही मिळाली तर सिव्हिक, आणि घराणं जरा खर्चिक असेल तर कॅमरी. रंग करडा. आधीचा मालक शक्यतो मराठी मंडळातलाच कुणीतरी, म्हणजे ऑइल वेळच्या वेळी बदलल्याची खात्री. मागच्या काचेवर त्याच्या मुलाच्या युनिव्हर्सिटीचं स्टिकर असतं. ते खरवडून काढायचे कष्टही कुणी घेत नाही, कारण आपल्यालाही मुलाला तिथेच पाठवायचं असतं.

या सुस्थिर समाजव्यवस्थेला आमच्या भाच्याने सोळावं लागताच सुरुंग लावला. आपल्याला १९७० सालची डॉज चार्जर हवी, असं त्याने जाहीर केलं.

"चार्जर? परवाच तर घेतला तुला," ताई म्हणाली.

त्याने फोनवर फोटो दाखवला. काळीभोर गाडी, बॉनेटवर दोन माणसं पथारी पसरून झोपतील एवढी जागा, आणि बॉनेटमधून वर आलेलं इंजिनाचं टोक. 'द फास्ट अँड द फ्युरिअस' या सिनेमातली. सिनेमा २००१ चा, गाडी १९७० ची, आणि मुलगा या दोन्हींनंतर जन्मलेला. पण प्रेमात वय बघत नाहीत.

भाऊजी काहीच बोलले नाहीत. ते एका कंपनीत ब्रेक डिझाइन करतात. जगातल्या गाड्या थांबाव्यात याबद्दल त्यांना पगार मिळतो. त्यांनी शांतपणे चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि फोटो मोठा करून फक्त चाकं बघितली. "ड्रम ब्रेक," एवढेच दोन शब्द ते बोलले, पण ज्या सुरात बोलले त्या सुरात आमच्याकडे डॉक्टर "उशीर झाला" म्हणतात.

आता मसल कार ही काय चीज आहे ते सांगायला हवं. कृती सोपी आहे: मध्यम आकाराची, स्वस्तातली, चारचौघींसारखी गाडी घ्यायची आणि तिच्या पोटात न शोभणारं, राक्षसी इंजिन घालायचं. १९६४ साली पॉन्टिअॅक कंपनीच्या इंजिनिअरांनी हे केलं. जॉन डीलोरियन हे त्यांच्यातलं मोठं नाव. त्यांच्या पालक कंपनीचा, म्हणजे जनरल मोटर्सचा नियम होता की मध्यम गाडीत ३३० घनइंचांपेक्षा मोठं इंजिन बसवायचं नाही. यांनी नियम मोडला नाही. गाडी टेम्पेस्ट होती तशीच ठेवली आणि ३८९ घनइंचांचं इंजिन 'हवं असल्यास जादा आकार' या सदरात टाकलं. त्या जादा आकाराचं नाव जीटीओ. गाडीवर बंदी होती, जादा आकारावर नव्हती! सरकारी कचेरीत हयात घालवलेल्या कुठल्याही मराठी माणसाला ही पळवाट वाचून गहिवरून येईल. ५००० गाड्या खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या.

मग डेट्रॉइटात चढाओढ लागली. क्रायस्लरने ४२६ घनइंचांचं हेमी इंजिन रस्त्यावरच्या गाड्यांत आणलं. म्हणजे सात लिटर, आठ सिलिंडर. भागाकार करून बघा: एका सिलिंडरच्या वाट्याला सुमारे ८७२ सीसी येतात. मारुती ८०० चं अख्खं इंजिन ७९६ सीसीचं होतं. ज्या मारुतीतून आम्ही चार मोठी माणसं, दोन मुलं आणि येताना आंब्याच्या पेट्या घेऊन पुणे-रत्नागिरी करत होतो, तिचं सगळं इंजिन हेमीच्या एका सिलिंडरात मावून वर जागा उरते. आणि हे एवढं सगळं कशासाठी? तर एका पोराला एका सिग्नलपासून दुसऱ्या सिग्नलपर्यंत शेजारच्या पोराच्या आधी पोचवण्यासाठी.

मात्र एक गोष्ट कबूल करायला हवी. या गाड्या पोरांसाठीच होत्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेली पिढी तेव्हा मिसरूड फुटण्याच्या वयात आली होती, खिशात पहिला पगार होता, आणि डेट्रॉइटला ते दिसत होतं. १७ एप्रिल १९६४ ला न्यूयॉर्कच्या जागतिक मेळ्यात फोर्डने मस्टँग आणली, तीही २,३६८ डॉलरपासून पुढे. तिच्या अनावरणाच्या दोन दिवस आधीच शिकागोतल्या एका २२ वर्षांच्या शाळामास्तरणीने डीलरकडची गाडी विकत घेतली. पैसे आई-वडिलांकडून उसने. ती मस्टँगची पहिली ग्राहक मानली जाते.

भाच्याने हा दाखला कोर्टात मांडावा तसा मांडला. "मामा, शाळेच्या बाई चालवायच्या! आणि 'बुलिट' सिनेमातली मस्टँग? स्टीव्ह मॅक्वीनने चालवलेली? ती १९७४ साली एका साध्या कुटुंबाने घेतली. त्या घरातल्या बाई ती रोज शाळेत शिकवायला न्यायच्या. मॅक्वीनने पत्र पाठवून गाडी परत मागितली, तरी दिली नाही त्यांनी. २०२० मध्ये लिलावात ३४ लाख डॉलरची बोली लागली तिला. आहे का तुमच्या कोरोलाला असा भाव?"

मराठी मध्यमवर्गीय माणूस गाडीच्या वेगाला बधत नाही, रूपाला बधत नाही, पण 'गुंतवणूक' म्हटलं की तो किंचित पाघळतो. ताईच्या चेहऱ्यावर ते दिसलं. तेवढ्यात भाऊजी म्हणाले, "तुझ्या त्या शिकागोच्या बाईंच्या गाडीचं पुढे काय झालं ते वाच."

भाच्याने वाचलं. १९७९ साली ती बंद पडली. पुढच्या आठवड्यात दुरुस्त करू म्हणून नवऱ्याने गॅरेजात लावली. तो आठवडा २७ वर्षं चालला.

"आणि बुलिटवाली?"

"१९८० मध्ये क्लच गेला," भाचा पुटपुटला. "मग गॅरेजात."

"म्हणजे तुझ्या दोन्ही बाईंना शेवटी शाळेत जायला दुसरी गाडी लागलीच," भाऊजी म्हणाले आणि कॉफी प्यायला लागले.

या लढाईत भाच्याला कुमक मिळाली ती अनपेक्षित दिशेने. आमची आई, म्हणजे त्याची आजी, सहा महिन्यांसाठी आली होती. पोरगं काहीतरी परकं मागतंय असं वाटत होतं, तोवर ती गप्प होती. भाच्याने आपल्या आवडत्या गाड्यांची यादी सांगताना प्लायमाउथ असं नाव उच्चारलं आणि ती ताठ बसली. "प्लायमाउथ मला काय सांगतोस? आमचे अण्णा कुर्ल्याला प्रीमियरमध्ये फिटर होते. डॉज आणि प्लायमाउथ तिथेच जोडायचे." हे खरंच आहे. प्रीमियर कंपनीने क्रायस्लरशी करार करून १९४७ पासून कुर्ल्यात त्या गाड्या जोडल्या. "अण्णा म्हणायचे, अमेरिकन गाडी तीन पिढ्या टिकते. फक्त तीन पिढ्यांचं पेट्रोल एका वर्षात पिते." आजीने नातवाची बाजू घेतली की विरुद्ध, हे शेवटपर्यंत कळलं नाही. भाच्याने ती आपली बाजू धरली.

मग सुरू झाला बाजाराचा अभ्यास. चार्जरची किंमत बघून चार्जर गळाली. यादीतली शेव्हेल गळाली. नोव्हा गळाली. आठ सिलिंडरांचे सहा झाले. जाणकार मंडळी मस्टँगला मसल कार मानतच नाहीत, पोनी कार म्हणतात. सहा सिलिंडरवाल्या मस्टँगला तर ते काहीच म्हणत नाहीत, नुसते हसतात. पण सहा सिलिंडरवालीच काय ती करड्या कोरोलाच्या दुपटीत बसत होती.

या बाजारात फसवणुकीचीही एक परंपरा आहे. साध्या गाडीला खास मॉडेलचे बिल्ले आणि पट्टे लावायचे, मोठं इंजिन बसवायचं, की झाली ती 'क्लोन'. प्रामाणिक विक्रेता तिला 'ट्रिब्यूट' म्हणतो. त्या काळच्या मस्टँगच्या क्रमांकातलं पाचवं अक्षर वाचलं की कारखान्यातून कोणतं इंजिन घालून निघाली होती ते समजतं, त्यामुळे जाणता गिऱ्हाईक आधी बॉनेट उघडून अक्षरं वाचतो आणि मग "नमस्कार" म्हणतो. आणि 'उभी केली तेव्हा चालू होती' हे वाक्य जवळजवळ प्रत्येक जाहिरातीत असतं. खोटं कोण म्हणेल? वारलेला प्रत्येक माणूस वारेपर्यंत ठणठणीतच होता.

फ्लिंटच्या पलीकडे एका शेतघरात १९६६ ची लाल मस्टँग होती. ती बघायला आम्ही सगळे गेलो. आजीसुद्धा. बरोबर फ्रिजवरचं लोहचुंबक घेतलं. जुनी गाडी बघताना हे हत्यार लागतंच. रंगाखाली पत्रा असेल तर चुंबक चिकटतं. पत्रा सडला असून आत नुसती लांबी भरलेली असेल तर चिकटत नाही. आमचं चुंबक आजीने अष्टविनायकाच्या सहलीतून आणलेलं होतं, त्यावर बल्लाळेश्वर.

टपावर बल्लाळेश्वर घट्ट बसला. दारावर बसला. भाच्याचा चेहरा उजळला. मागच्या चाकावरच्या मडगार्डला लावला तर हळूच घसरला आणि गवतात पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला. आजी आमची देवरुखची. तिने हात जोडले आणि म्हणाली, "डावा कौल."

विक्रेता सत्तरी उलटलेला, अगदी सज्जन माणूस होता. त्याला मडगार्डाचं काही विशेष वाटलं नाही. भाऊजींनी मला आत बसायला सांगितलं आणि पाण्याची बाटली घेऊन पुढच्या काचेच्या खाली असलेल्या जाळीत ओतली. त्या काळच्या मस्टँगचा हा जुना रोग आहे: जाळीखालचा पत्रा सडतो आणि पावसाचं पाणी थेट आतल्या माणसाच्या पायावर येतं. रोग होता. माझा डावा मोजा भिजला. "पावसात मी तिला काढत नाही," विक्रेता समजुतीने म्हणाला.

मग पायाखालची सतरंजी उचलली. चालकाच्या पायाखालचा पत्रा कधीच गेला होता. त्याच्या जागी कुणीतरी रस्त्यावरची एक जुनी पाटी कापून रिव्हेट मारून बसवली होती. लाल रंग, पांढरी अक्षरं: 'स्टॉप'. भाऊजी वाकून बराच वेळ बघत राहिले. मग ते खाली रांगत गेले, चारी ड्रम बघून आले, ब्रेकचा एकेरी मास्टर सिलिंडर बघितला, ज्यात एका ठिकाणी गळती लागली की चारी चाकांचे ब्रेक एकदम जातात, डिकी उघडून पाहिली, जिची फरशी म्हणजेच पेट्रोलच्या टाकीचा वरचा पत्रा, आणि कपडे झटकत म्हणाले, "या गाडीत थांबायची काही सोय असेल तर ती ही पाटी."

वरून कीर्तन आतून तमाशा म्हणतात तो हा. पण यात त्या सज्जन माणसाचा दोष थोडा आणि मिठाचा जास्त. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यावर मीठ टाकतात, बर्फ वितळावा म्हणून. आणि डेट्रॉइट शहराच्या खाली हजार फुटांहून खोल मिठाची प्रचंड खाण आहे. म्हणजे ज्या शहराने वर गाड्या बनवल्या, त्याच्याच पोटातून त्या गाड्या खाणारं मीठ निघतं. बरं, मिठापासून लांब ठेवूनही भागत नाही. ओक्लाहोमातल्या टल्सा शहराने १९५७ साली कोरी करकरीत प्लायमाउथ बेल्व्हेडिअर काँक्रीटच्या तळघरात पुरली, ५० वर्षांनी भाग्यवंताला देऊ म्हणून. २००७ साली समारंभाने उघडलं तर तळघरात पाणी शिरलेलं आणि आत गाडीच्या आकाराचा गंज.

शेवटी गाडी चालू केली. चोक ओढला, दोनदा पाय मारला, आणि ती खरंच लागली. न जळलेल्या पेट्रोलचा वास सगळ्या अंगणात पसरला. आजीने पदर नाकाला लावला. भाचा मात्र स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होता, आणि त्या क्षणी त्याला पाटी, पाणी, बल्लाळेश्वर काही आठवत नव्हतं. किल्ली फिरवून बंद केली तरी इंजिन दोन-तीन आचके देत राहिलं, मग थांबलं. "एकोणीस वर्षांचा असताना मी हीच गाडी घेतली होती," विक्रेता त्याला म्हणाला. "लग्नाआधी विकली. निवृत्त झाल्यावर ही घेतली."

"आणि मधे काय चालवत होतात?" भाच्याने विचारलं.

"व्हॅन. चार मुलं होती."

मसल कारचा सगळा इतिहास या एका उत्तरात आहे. या गाड्या संपल्या कशा, याबद्दल लोक १९७३ च्या तेलटंचाईकडे बोट दाखवतात. १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा आला, १९७१ च्या मॉडेलांपासून इंजिनांचा दाब उतरवला गेला, १९७२ पासून अश्वशक्ती प्रामाणिकपणे मोजायची पद्धत आली आणि कागदावरचे घोडे एका रात्रीत पळून गेले, हेही खरं. पण पहिला घाव घातला विमावाल्यांनी. पंचविशीच्या आतल्या मुलाने मोठ्या इंजिनाची गाडी घेतली की साठच्या दशकाच्या अखेरीस त्याच्यावर जबर अधिभार बसायला लागला. गाडीचा हप्ता परवडायचा, विम्याचा नाही. हौसेला मोल नसतं असं आपण म्हणतो. असतं. विमावाले ते दरमहा कळवतात.

आजही तेच. ताईने घरी आल्यावर फोन लावला. १६ वर्षांचा मुलगा आणि १९६६ ची गाडी, हे दोन तपशील सांगेपर्यंत पलीकडचा आवाज आनंदी होता. मग आकडा आला. मिशिगनमधला वाहनविमा आधीच देशातल्या महागांपैकी. त्यात हा आकडा ऐकून ताईने फोन कानापासून लांब धरला, जणू तो तापला होता. क्लासिक गाड्यांसाठी वेगळा, स्वस्त विमा असतो असं भाच्याने सुचवलं. असतो. त्याच्या अटीही असतात. गाडी कुलूपबंद गॅरेजात हवी. चालवणाऱ्याला काही वर्षांचा अनुभव हवा. आणि मुख्य अट: ती रोज वापरायची नाही, रोजच्या वापराला तुमच्याकडे दुसरी गाडी असायला हवी.

भाऊजींनी ही अट दोनदा वाचून घेतली. पहिली गाडी म्हणून ही गाडी घ्यायची, तर आधी एक गाडी असायला हवी. इतकं सुंदर तर्कशास्त्र त्यांनी ब्रेकच्या नियमांतही पाहिलं नव्हतं.

मग पोरांसाठी बनवलेल्या या गाड्या आता चालवतं कोण? ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटच्या वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जाऊन बघा. साठच्या दशकात इथेच रात्री पोरं शर्यती लावायची. आता तिथे 'वुडवर्ड ड्रीम क्रूझ' होते. १९९५ साली फर्नडेल गावात मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे जमवायला ती सुरू झाली आणि आता मैलोन्मैल जुन्या गाड्यांची रांग लागते. ४२५ अश्वशक्तीची गाडी ताशी दहा मैलांनी सरकत असते, आणि आत पांढऱ्या केसांचे आजोबा, रक्तदाबाची गोळी घेऊन, शेजारी पंख्याने वारा घेणाऱ्या आजी. रस्त्याकडेला घडीच्या खुर्च्यांवर त्यांच्याच वयाचे प्रेक्षक. गाडीच्या खरेपणाबद्दल तज्ज्ञ चर्चा, आणि मग गुडघ्यांबद्दल त्याहून तज्ज्ञ चर्चा. मिशिगनमध्ये जुन्या गाडीला ऐतिहासिक वाहनाची नंबरप्लेट मिळते. तिच्यावर गाडी फक्त प्रदर्शनं, मिरवणुका, क्लबाचे कार्यक्रम अशा कामांना न्यायची. ऑगस्ट महिन्यात मात्र कुठेही न्यायला मोकळीक. आपल्याकडे श्रावणात बंधनं लागतात. इथल्या गाड्यांची श्रावणाच्या सुमारास सुटतात.

भाच्याला अखेर मंडळातल्या एका काकांची कोरोला मिळाली. करडी. बंड मात्र पूर्ण शमलेलं नाही. १९६८ साली प्लायमाउथने 'रोड रनर' नावाची मसल कार काढली होती. कार्टूनमधल्या त्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरायला वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर दिले होते आणि हॉर्नही त्याच्यासारखा 'बीप बीप' केला होता. तसला हॉर्न भाच्याने आपल्या कोरोलाला बसवलाय. गल्लीत शिरताना वाजवतो. भाऊजी खिडकीतून त्याच्याकडे न बघता त्याच्या ब्रेकलाइटांकडे बघतात.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी असा प्रसंग आला तर सरसकट नाही म्हणू नका. पोरगं काही गैर मागत नाहीये. मागे १९६६ साली सोळा वर्षांचं असतं तर सगळ्या डेट्रॉइटने त्याला पायघड्या घातल्या असत्या. मस्टँगचे सुटे भाग आजही नवे मिळतात, पुढची चाकं डिस्क ब्रेकवर करून घेता येतात, दुहेरी मास्टर सिलिंडर आणि खांद्यावरचे पट्टे बसवता येतात, फार काय अख्खा नवा सांगाडाही मिळतो. चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला हे खरं. पण गाडी अॅरिझोनासारख्या कोरड्या प्रदेशातली निवडलीत तर कोंबडी तरी धड मिळेल. पहिली गाडी म्हणून मसल कार अवश्य घ्या, फक्त ती दुसरी असू द्या. आणि बघायला जाताना लोहचुंबक न्या, पाण्याची बाटली न्या, आणि मोजे जुने घाला.